सोळा रात्री, तेरा मुक्काम: मोडता त्या तक्त्याला घाला

ताई, नमस्कार.

आम्ही गेली एकतीस वर्षं न्यू जर्सीत आहोत. माझं वय ६१, यांचं ६५. हे डिसेंबरात निवृत्त झाले, मी त्याआधीच. आता यांच्या डोक्यात आरव्हीचं, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या घरगाडीचं, खूळ शिरलं आहे. मुलगा डेट्रॉइटजवळ नोव्हायला असतो. तिथून अठ्ठावीस फुटी गाडी भाड्यानं घ्यायची आणि सप्टेंबरात मिशिगनची मोठी तळी, काठावरचे पार्क आणि जुने किल्ले बघत फिरायचं, असा बेत आहे. यांनी एक्सेलमध्ये तक्ताही केलाय: सोळा रात्री, तेरा मुक्काम.

हे कॉलेजात असल्यापासून गडकोटांचे वेडे. कुठंही गेलं की पाटी न् पाटी वाचणार, आणि मग मलाही वाचून दाखवणार. मला पाणी लागतं. एखाद्या तळ्याकाठी खुर्ची टाकून दोन तास कुणी बोलवू नये, एवढंच माझं सुख. तक्ता पाहिला तेव्हा मी काही बोलले नाही. तशी मी बोलतच नाही. पण झोप उडाली आहे. संडासाची टाकी कोण रिकामी करणार विचारलं, तर म्हणाले, 'सोपं असतं गं, मी व्हिडिओ पाहिलेत.' गाडी हेच चालवणार, कारण मी आमच्या एसयूव्हीपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही. यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. आणि खरं सांगू? एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही चोवीस तास एका खोलीत कधी काढलेले नाहीत.

मैत्रिणी म्हणतात, या वयात डोक्याला ताप कशाला, हॉटेलं काय कमी आहेत? जाऊ, की काहीतरी निमित्त काढून मोडता घालू?

(नाव छापू नका.)

*

नमस्कार.

जा. मोडता घालायचाच असेल, तर त्या तक्त्याला घाला.

तुमच्या पत्रात पाच-सहा काळज्या आहेत, पण त्यातली निम्मी एकाच ओळीतून निघते: सोळा रात्री, तेरा मुक्काम. तुमच्या यजमानांनी आरव्ही म्हणजे मागे पलंग असलेली मोटार धरली आहे. मोटार सुरू केली की निघते. आरव्ही निघण्याआधी विजेची तार काढून गुंडाळायची, टाक्या रिकाम्या करायच्या, कपबशा कपाटात घालून कड्या लावायच्या, फ्रिजचं दार पक्कं करायचं, छतावरची झडप बंद आहे ना ते बघायचं, पायरी आत घ्यायची. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमानं, वर गाडी पाठमोरी जागेत घालणं आणि चाकांखाली ठोकळे देऊन समपातळीत आणणं. दोघं नवखे असाल तर निघताना तास-दीड तास आणि पोचल्यावर तास सहज जातो. तेरा वेळा करा हिशोब. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात खरं, पण विंचवाला सांडपाण्याची नळी जोडावी लागत नाही.

अमेरिकेतल्या मुरलेल्या आरव्हीवाल्यांत एक ठोकताळा चालतो, तीन-तीन-तीन: एका दिवसात तीनशे मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि एका जागी निदान तीन रात्री. तुमच्यासाठी मी पहिला आकडा अडीचशेवर आणीन. मुलाच्या घरापासून निघण्याचा आणि परतीचा, असे दोनच दिवस त्याला अपवाद. किंवा परतीला वाटेत एक रात्र काढा.

तक्त्यात न दिसणारी दुसरी गोष्ट यांना नीट समजावून सांगा. तुमच्याबरोबर छोटी गाडी नसणार. म्हणजे मुक्कामाला पोचून, तार जोडून, ठोकळे लावून बसलात आणि किल्ला बारा मैलांवर असला, तर अख्खं घर उचलून किल्ला बघायला जायचं. गावात अठ्ठावीस फुटांना पार्किंग शोधायचं. संध्याकाळी परत येऊन पुन्हा ठोकळे. दोन दिवस असे गेले की तिसऱ्या दिवशी कुणीच कुठं जात नाही. तेव्हा मुक्काम निवडायची एकच कसोटी ठेवा: बघायची जागा कॅम्पग्राउंडवरून पायी गाठता आली पाहिजे.

आणि ही कसोटी लावली की तुमचं किल्ला-विरुद्ध-पाणी हे भांडण आपोआप निकालात निघतं. त्या मुलखात रस्ते नव्हते तेव्हाचा सगळा व्यापार आणि सगळी लढाई पाण्यावरून झाली. किल्ला, खाण, भट्टी, दीपगृह, जे काय उभं राहिलं ते पाण्याच्या काठाला. पाटी वाचणारा माणूस आणि खुर्ची टाकणारी बाई एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहू शकतील अशा जागा तिथं भरपूर आहेत.

माझ्या मते तुमच्या सहलीचा गाभा म्हणजे फोर्ट विल्किन्स. मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पातून सुपीरियर तळ्यात घुसलेलं कीविनॉ नावाचं जमिनीचं एक बोट आहे, त्याच्या टोकाला कॉपर हार्बर हे चिमुकलं गाव. १८४० च्या दशकात तिथं तांब्यासाठी झुंबड उडाली. खाणवाले आणि तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे यांच्यात दंगा होईल या धास्तीनं सैन्यानं १८४४ मध्ये लाकडी किल्ला बांधला. दंगा काही झाला नाही. दोन वर्षांत मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं आणि शिबंदी तिकडे गेली. यादवी युद्धानंतर १८६७ ते १८७० पुन्हा थोडे दिवस सैनिक आले, मग कायमचे गेले. ज्या किल्ल्यावर कधी लढाईच झाली नाही तो बघायचा कशाला, असं हे म्हणतील. त्यांना सांगा, म्हणूनच तो टिकला. सैनिकांच्या बराकी, भटारखाना, तटाबाहेरची लग्न झालेल्या शिपायांची इवलीशी लाकडी घरं, सगळं आत जाऊन बघता येतं. ती घरं तुम्हीही जरूर बघा, अठ्ठावीस फूट एकदम ऐसपैस वाटायला लागतील.

आणि तुमच्यासाठी? किल्ला फॅनी हू नावाच्या तळ्याच्या काठावर आहे, कॅम्पग्राउंडही त्याच तळ्यावर. तळं लांबट, शांत, झाडीनं वेढलेलं. रस्ता ओलांडला की सुपीरियर, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. एका खुर्चीला दोन पाणी. इथं चार रात्री काढा, एकही कमी करू देऊ नका. जाताना शेवटचा टप्पा हायवे ४१ चा आहे: अरुंद, वळणांचा, वर झाडांची कमान. दिवसाउजेडी आणि सावकाश जा. तोच हायवे पार मायामीपर्यंत जातो आणि त्याचं उत्तरेचं टोक किल्ल्याच्या जरा पुढे आहे, तिथं फोटो काढायला हे तुम्हाला नेतीलच. ब्रॉकवे माउंटनचा रस्ता मात्र या गाडीनं नको, कितीही सुंदर असला तरी.

दुसरी जागा फेयेट. मिशिगन तळ्याच्या उत्तरेकडच्या एका खाडीत, पांढऱ्या चुनखडीच्या कड्याखाली, १८६७ मध्ये लोखंड गाळायचा कारखाना आणि त्याच्याभोवती गाव वसलं. लोहखनिज बाहेरून यायचं, कोळशासाठी आसपासचं जंगल तोडायचं, चुनखडी तर उशाशीच. १८९१ मध्ये कारखाना बंद पडला आणि गाव रिकामं झालं. भट्ट्या, हॉटेल, दुकान, कामगारांची घरं अशा वीसेक इमारती अजून उभ्या आहेत. आता ते सगळं राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे आणि कॅम्पग्राउंडवरून पायवाटेनं गावात उतरता येतं. बंदराचं नाव स्नेल शेल हार्बर, म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखं वळलेलं. वारा लागत नाही, पाणी हिरवट निळं. मी तुमच्या जागी असते तर पुस्तकसुद्धा नेलं नसतं. इथं तीन रात्री.

तिसरी जागा मॅकिनॉची सामुद्रधुनी, जिथं ह्युरॉन आणि मिशिगन ही तळी मिळतात. सेंट इग्नसच्या स्ट्रेट्स स्टेट पार्कमध्ये तीन रात्री मुक्काम करा. तिथून तो पाच मैल लांबीचा पूल दिसतो, संध्याकाळी दिवे लागले की उठवत नाही. जवळच्या मॅकिनॉ बेटावर जाणाऱ्या फेरीबोटी सेंट इग्नसहूनही सुटतात. मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. घोडागाडी, सायकल किंवा आपले पाय. बेटाभोवतीचा रस्ता आठेक मैलांचा आहे, सायकल भाड्यानं घेऊन सपाटीनं फेरी होते आणि पाणी एकदाही नजरेआड होत नाही. यांना तेवढ्या वेळात किल्ल्यावर सोडा.

फोर्ट मॅकिनॉची गोष्ट यांना आवडेल, आणि आवडता आवडता त्रासही होईल. जुलै १८१२ मध्ये ब्रिटिश फौज रात्री बेटाच्या मागच्या बाजूला उतरली आणि किल्ल्याच्या वरच्या टेकाडावर तोफ चढवून सकाळी तयार. खाली किल्ल्यातल्या अमेरिकन अधिकाऱ्याला युद्ध पुकारल्याची बातमीच पोचलेली नव्हती. त्यानं एकही गोळी न झाडता किल्ला सोडला. मागं आपल्यापेक्षा उंच जागा मोकळी ठेवून किल्ला बांधतात का, यावर सह्याद्रीत भटकलेला माणूस अर्धा तास बोलेल. बोलू द्या. मात्र एक करार आधीच करून घ्या: प्रत्येक तट बघितल्यावर राजगडाशी तुलना नको. इथले किल्ले छोटेखानी आणि बुटके, ते व्यापाराच्या नाक्यावर बसवलेले आहेत. त्यांना त्यांच्या मापानं बघितलं तर मजा येते.

सेंट इग्नसला पोचण्याआधी, पुलाच्या अलीकडे मॅकिनॉ सिटीत मिशिलिमॅकिनॅकचा कोट लागतो. फ्रेंचांनी १७१५ मध्ये बांधलेला, पुढं ब्रिटिशांकडे गेला. २ जून १७६३ ला ओजिब्वे लोकांनी कोटाबाहेर लॅक्रॉससारखा चेंडू-काठीचा खेळ मांडला. शिपाई बघायला दारात आले. चेंडू 'चुकून' आत गेला, त्याच्यामागे खेळाडू आत घुसले, आणि बायकांनी पांघरुणाखाली लपवलेली शस्त्रं त्यांच्या हातात दिली. कोट पडला. आज दिसतो तो कोट पुन्हा उभारलेला आहे, पण तिथं १९५९ पासून दर उन्हाळ्यात उत्खनन चालतं. एवढं बघून मग पूल ओलांडा. एक ध्यानात ठेवा: लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी लोक त्या पुलावरून चालत जातात आणि तेवढा वेळ वाहनं बंद असतात. त्या सोमवारी तिकडे फिरकू नका, दोन-चार दिवसांनी निघा. गर्दीही ओसरलेली असते.

हे झाले दहा रात्रींचे तीन मुक्काम. उरलेल्या सहांपैकी पहिली रात्र मुलाच्या घराजवळच्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर काढा. नळी गळते, गरम पाणी येत नाही, भाड्याच्या गाडीत चमचेच नाहीत, हे सगळं पहिल्या रात्री कळतं, आणि तेव्हा दुकान आणि मुलगा दोन्ही जवळ असलेलं बरं. दोन रात्री टॉक्वामेनन धबधब्यापाशी. त्याचं पाणी देवदारांच्या दलदलीतून येतं, तिथल्या टॅनिननं चहासारखं तपकिरी होतं. सेंट इग्नसहून तिकडे जाताना थोडी वाट वाकडी करून सू लॉक्स बघा. सुपीरियरचं पाणी ह्युरॉनपेक्षा २१ फूट वर आहे, हजार फुटी जहाजं तेवढी उतरवायची आणि चढवायची, तेही एकही पंप न वापरता, नुसती दारं आणि झडपा उघडून. तुम्हीसुद्धा तिथं खिळून राहाल. धबधब्यापासून पुढं व्हाइटफिश पॉइंटला दीपगृह आणि बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय आहे. १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज २९ माणसांसकट बुडालं, त्याची वर काढलेली घंटा तिथं ठेवली आहे. त्यानंतर दोन रात्री म्युनिसिंगला, पिक्चर्ड रॉक्सचे रंगीत कडे बोटीतून बघायला: लोहाचा तांबूस, तांब्याचा हिरवा-निळा, मँगनीजचा काळा. आणि एक रात्र हातात राखून ठेवा, पावसासाठी किंवा कंटाळ्यासाठी.

तक्त्यातलं बाकीचं पुढच्या वर्षी. स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्या पळून जात नाहीत.

आता तुमच्याकडे वळते. 'मी काही बोलले नाही, तशी मी बोलतच नाही,' असं तुम्ही लिहिलंय. त्या तक्त्यात तेरा रकाने भरले गेले त्याला हेही एक कारण आहे. यांना तुमच्यावर काही लादायचं आहे असं पत्रातून मला दिसत नाही. समोरून 'चालेल' आलं की उत्साही माणूस आणखी एक मुक्काम घालतो, इतकंच. तेव्हा निमित्त काढू नका, आजारपणाचं तर नकोच, स्टेंटवाल्या घरात ते फार महागात पडतं. बसा आणि सांगा: मला रोज दोन तास एकटीला पाण्याकाठी हवेत, आणि त्या वेळात मला काही वाचून दाखवायचं नाही. असं नेमकं मागितलं की द्यायला सोपं जातं. 'तुमचं आपलं नेहमीचंच' या वाक्यानं सुरुवात केलीत, तर मात्र टाकीचं भांडण टाकी भरण्याआधीच होईल.

पाट्यांसाठी एक तोडगा सुचवते. सकाळी हे एकटे किल्ल्यावर जाऊ देत, हव्या तेवढ्या पाट्या वाचू देत. मग त्यांनी त्यातली एकच गोष्ट निवडायची आणि दुपारी तुम्हाला नेऊन दाखवायची. ज्याला एकच निवडायची असते तो चांगली निवडतो. आणि तुम्ही ती मनापासून बघायची, फोन न काढता.

टाकीचं. हा विषय मैत्रिणी हसण्यावारी नेतील, पण त्यात नीट लक्ष घाला, कारण सहल बिघडते ती इथंच. गाडीत तीन टाक्या असतात: पिण्याच्या पाण्याची, भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची, त्याला ग्रे म्हणतात, आणि संडासाची, ती ब्लॅक. मिशिगनच्या स्टेट पार्कांत बहुतेक ठिकाणी तुमच्या जागेवर वीज मिळते, पण मैलापाण्याची जोडणी नसते. आत शिरताना पाणी भरायचं आणि निघताना दाराजवळच्या डंप स्टेशनवर टाक्या सोडायच्या. दोन माणसांना ब्लॅक टाकी तीन-चार दिवस आरामात पुरते. ग्रे मात्र लवकर भरते, म्हणून आंघोळीला पार्कचं स्नानगृह वापरा आणि भांडी थोडक्यात उरका.

सोडताना आधी ब्लॅक, ती पूर्ण रिकामी झाली की झडप बंद, मग ग्रे. म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप धुतली जाते. ब्लॅकची झडप एरवी कायम बंद हवी. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं, घन तेवढं तळाशी साचून वाळतं, आणि मग व्हिडिओवाले सुद्धा मदतीला येत नाहीत. रिकामी झाल्यावर त्यात थोडं पाणी आणि टाकीचं औषध घालून ठेवा. पाण्यात विरघळणारा आरव्हीचा कागदच वापरा, ओले रुमाल (वेट वाइप्स) चुकूनही आत टाकू नका. हातमोजे वापरून फेकायचे. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी असते, ती टाकी धुवायला कधीही घ्यायची नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे.

कुणी करायचं? पहिल्यांदा दोघांनी. एकानं सूचना वाचायच्या, दुसऱ्यानं झडप ओढायची. मग पाळीपाळीनं. हे म्हणतात सोपं असतं, तर पहिली झडप त्यांची. पण तुम्हालाही ते यायला हवं, कारण ज्याला ते येत नाही तो सोळा दिवस दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो.

हाच न्याय गाडी चालवण्याला. तुम्ही एसयूव्ही चालवता, म्हणजे निम्मं येतंच. मिशिगनमध्ये या मापाची भाड्याची गाडी नेहमीच्या परवान्यावर चालते. मुलाला घेऊन रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव करा: वळताना मागचा भाग किती बाहेर फेकला जातो, थांबायला किती अंतर लागतं. गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. रुंद सरळ हायवेचे टप्पे तुमचे, गावातले त्यांचे. स्टेंटनंतर दोन वर्षं झाली, डॉक्टरांना विचारून हे चालवू शकतील, पण चालवणारं माणूस एकच असलं की त्याला थकायची सोय राहत नाही. पुलावर वारा जोरात असला तर उंच गाड्यांना थांबवतात किंवा हळूहळू सोबत करून नेतात. थांबवलं तर चहा करा, तुमचं स्वयंपाकघर बरोबरच आहे.

गाडी मागे घेताना होणारी भांडणं मात्र जगप्रसिद्ध आहेत. मागे उभं राहणाऱ्यानं आरशात दिसेल अशा जागीच उभं राहायचं, फोन चालू ठेवून बोलायचं, आणि 'थांब' म्हटलं की चालवणाऱ्यानं वाद न घालता थांबायचं. आरक्षण करतानाच समोरून निघता येईल अशी जागा मिळाली तर हा प्रश्नच मिटला.

बाकी भरभर सांगते. साधारण ३० अँपिअरची जोडणी असेल, म्हणजे जेमतेम ३,६०० वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम लावलीत तर अंधार. फोडणी आत नको. धुराचा अलार्म बोंबलेल आणि मोहरीचा वास गाद्यांतून शेवटपर्यंत जाणार नाही. बाहेरच्या टेबलावर छोटी शेगडी लावा. अलार्म कटकट करतो म्हणून त्याची बॅटरी काढू नका, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा त्याच भिंतीवरून येतो. रात्री थंडी पडेल, जाड पांघरुणं न्या. जळाऊ लाकूड डेट्रॉइटहून नेऊ नका, ॲशची झाडं मारणारा किडा असाच पसरला. जिथं जाळायचं तिथंच विकत घ्या. संध्याकाळी रस्त्यावर हरणं येतात, म्हणून दुपारी तीनचा नियम पाळा. वर फोनला रेंज अनेक ठिकाणी नसते, नकाशे आधीच उतरवून घ्या आणि रोजचा मुक्काम मुलाला लिहून द्या. गोळ्या पुरतील त्याहून आठवड्याच्या जास्त. सुपीरियर उन्हाळाभर तापूनही गारठलेलाच असतो, काठावर बसा, पोहायचा मोह नको.

खर्चात फसगत होते ती भाड्याच्या आकड्यापलीकडे: किती मैल धरलेत, जनरेटरचे तास किती, विमा कुणाचा. तुमचा मोटारीचा विमा भाड्याच्या मोटरहोमला बहुतेक लागू होत नाही, फोन करून विचारा. अशी गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते आणि तुमचा फेरा तेराशे-चौदाशे मैलांचा होईल. यांचं वय ६२ च्या वर आहे आणि तुम्ही इथले नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल, तर ८० डॉलरचा आयुष्यभराचा सीनिअर पास घ्या. पिक्चर्ड रॉक्ससारख्या राष्ट्रीय उद्यानांत गाडीतल्या सगळ्यांना तो चालतो. मिशिगनच्या स्टेट पार्कांत तो चालत नाही, त्यांचा परवाना वेगळा.

राहता राहिले चोवीस तास. ते आहेत खरे, पण त्यातले बारा बाहेर काढायचे असतात. म्हणून दोन चांगल्या खुर्च्या विकत घ्या, भाड्याच्या गाडीतल्या फडतूस असतात. पाऊस लागला तर एकानं पुढच्या सीटवर, एकानं मागच्या पलंगावर, मधला पडदा ओढून आणि कानात इअरफोन घालून बसण्यात काही गैर नाही. ज्या घरात दोघांना वेगळं बसायला कोपरे आहेत तिथं माणसं एकमेकांना चहा विचारायला उठतात.

मिशिगनच्या स्टेट पार्कांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, म्हणजे सप्टेंबरासाठी मार्चमध्ये. या रविवारी तक्ता उघडायला लावा आणि तुम्ही शेजारी बसा, आधी फोर्ट विल्किन्सच्या चार रात्री घाला, तळ्याकडची जागा तुम्ही निवडा. आणि भाड्याच्या करारात दुसरा चालक म्हणून तुमचं नाव तेव्हाच घालून घ्या. काही ठिकाणी त्याचे जादा पैसे घेतात. द्या.